आंतरराष्ट्रीय शाळेत जात नसते म्हणे!



गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून आम्ही विहारातून निघत होतो, तेव्हा एक गृहस्थ चपला घालता घालता थांबले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झालेली. कुणा शिक्षकांनी एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला लावला, आणि पोरगी पहिल्या फेरीतून पुढे गेली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तसल्याच शाळेत होता ना? मग सांगा, पाठवू का पोरीला?"

आम्ही उत्तर द्यायच्या आत तिथल्या तिथे दोन उत्तरे आली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "पाठवा, पण मग पोरगी परत येईल याची आशा ठेवू नका. गेली की गेली." त्यांच्या शेजारी उभा असलेला बी.ए.चा पोरगा म्हणाला, "काय काका! बाबासाहेब अमेरिकेला गेले नसते तर?" दोघेही आमच्याकडे बघू लागले. आम्ही म्हटले, लिहून सांगतो. हा लेख त्या मेकॅनिक दादांसाठी आहे. पण अशी मुले आता जवळपास प्रत्येक वस्तीत एकदोन तरी निघतात, म्हणून सर्वांसमोर मांडतो आहोत.

आमचे अण्णा भुसावळला रेल्वेत खलासी होते. आई अंगणवाडीत. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. २००५ साली दहावी झाली आणि शिष्यवृत्तीवर आम्ही महाराष्ट्राबाहेर, थंड हवेच्या ठिकाणी असलेल्या एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत दोन वर्षांसाठी गेलो. शाळेचे नाव इथे देत नाही. एका शाळेवर राग काढायचा नाही, आणि आम्ही जे सांगणार आहोत ते त्या एकाच शाळेपुरते खरे आहे असेही आम्हाला वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात प्राचार्यांचे स्वागताचे भाषण झाले. इथे साठ देशांची मुले आहेत, इथे धर्म, वंश, रंग, भाषा कशाचाच भेद नाही, तुम्ही आता जगाचे नागरिक आहात. आम्ही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. भाषणातल्या त्या यादीत जात हा शब्द नव्हता हे आमच्या लक्षातच आले नाही. नसेल आठवला, असेही तेव्हा कुणी सांगितले असते तर पटले असते.

चौथ्या की पाचव्या दिवशी मेसमध्ये पुण्याहून आलेली एक मुलगी समोर बसली. मराठी बोलायला मिळाले म्हणून आम्हाला केवढा आनंद! आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्यावरून काही कळत नाही. ती बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली आणि मग सहज विचारले, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो गं?" आम्ही म्हटले, "आमच्याकडे गणपती नसतो." ती म्हणाली, "अच्छा." बस, एवढेच. वाईट वागली नाही, टोमणा मारला नाही, ताट उचलून दुसरीकडे गेली नाही. पण त्यानंतर दोन वर्षांत ती आमच्याशी मराठीत बोलली नाही. इंग्रजीत बोलायची. मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. साठ देशांच्या त्या शाळेत तो समजणारे फार तर दहाबारा जण होते, आणि त्यातले बहुतेक तिच्या बाजूचे.

या शाळांची मांडणीच वेगळ्या कारणासाठी झालेली आहे, हे आम्हाला पुढे समाजशास्त्र शिकताना कळले. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ ची. राष्ट्रसंघ आणि कामगार संघटनेच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या वेगवेगळ्या देशांच्या लोकांची मुले कुठे शिकवायची, या गरजेतून ती उभी राहिली. कुर्ट हान हे जर्मन ज्यू शिक्षणतज्ज्ञ. हिटलरला विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्यांना अटक झाली, देश सोडावा लागला. पुढे स्कॉटलंडमध्ये त्यांनी शाळा काढली, आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९६२ साली, वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले ते त्यांच्याच कल्पनेतून. एकमेकांशी लढलेल्या देशांची पोरे सोळाव्या-सतराव्या वर्षी एका छपराखाली राहिली तर पुढे एकमेकांवर बंदुका रोखताना थबकतील, असा त्यामागचा विचार. १९६८ मध्ये जिनिव्हात आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम आकाराला आला, तो या सगळ्यांच्या उपयोगाचा ठरला.

विचार मोठा आहे. हानसाहेबांबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण नीट बघा, या कल्पनेत भिंत आहे ती दोन देशांमध्ये. एका देशाच्या आत, एकाच भाषेत बोलणाऱ्या दोन पोरींमध्ये जी भिंत आहे तिची सोय या नकाशात नाही. म्हणून अशी शाळा भारतात आली की ती पासपोर्ट मोजते. भारताच्या रकान्यात ती पुण्याची मुलगीही एक आणि आम्हीही एक. दोघी मिळून 'भारतीय'. आणि भारतीय म्हणजे काय, हे ठरवायचा मान अर्थातच संख्येने आणि पैशाने जास्त असलेल्यांकडे. शाळेत दिवाळी व्हायची, मैदानभर शेकडो पणत्या लागायच्या, कोरियाची आणि केनियाची पोरे हौसेने साड्या नेसायची. तो 'भारतीय संस्कृती'चा दिवस!

१४ एप्रिलला आम्ही आमच्या खोलीत टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला आणि एक मेणबत्ती लावली. दहा मिनिटांत वॉर्डन बाई आल्या. आग लागण्याचा धोका, वसतिगृहात ज्योत पेटवायला मनाई, नियम क्रमांक अमुक. नियम खराच होता. आम्ही मेणबत्ती विझवली. त्या निघाल्यावर विचार केला की मैदानातल्या शेकडो पणत्यांसाठी परवानगी काढता येते, तर या एका मेणबत्तीसाठीही काढता आली असती. पण परवानगी मागायची तर आधी सांगावे लागते, आज काय आहे, हा फोटो कुणाचा, आणि मग आम्ही कोण. ते सांगायची हिंमत तेव्हा आमच्यात नव्हती. भुसावळला ज्या दिवशी वस्तीतल्या घराघरांवर निळा झेंडा असतो त्या दिवशी आम्ही अंधारात बसलो होतो. संध्याकाळी मेसमध्ये वाढणारे एक वयस्कर काका ताटात वाढता वाढता हळूच "जय भीम" म्हणाले. खोल्या झाडणाऱ्या मावशींनी फोटो पाहिला होता, त्यांच्याकडून खालपर्यंत बातमी गेली होती. त्या संपूर्ण डोंगरावर आमच्या जयंतीत सहभागी झालेले तेवढे दोघेच.

आता शनिवारच्या 'सेवे'बद्दल. आयबीच्या अभ्यासक्रमात सेवा हा सक्तीचा भाग आहे. आमची बस डोंगराखालच्या एका वस्तीत जायची. तिथल्या मुलांना आम्ही इंग्रजी शिकवायचो, भिंती रंगवायचो. ती वस्ती कुणाची असणार, हे ओळखायला आम्हाला पाच मिनिटेही लागली नाहीत. गावाच्या कोणत्या बाजूला आहे, पाण्याचा नळ कुठे आहे, देऊळ किती लांब आहे, एवढ्यावरून कळते. बसमधली मुले परत येताना म्हणायची, किती गरीब आहेत ना, पण किती आनंदी! आम्ही खिडकीतून बाहेर बघायचो. ज्यांची सेवा चालली होती ते आमचे होते आणि आम्ही सेवा करणाऱ्यांच्या बसमध्ये बसलो होतो. दोन वर्षांत एकदाही कुणी विचारले नाही की ही वस्ती इथेच का आहे. मग वहीत 'या अनुभवातून मी काय शिकलो' असे एक पान लिहायचे. त्या पानावर खरे काय ते आम्ही कधीच लिहिले नाही.

पण सर्वांत जास्त सलते ती गोष्ट पुढे आहे, आणि तिच्यात दोष शाळेइतकाच आमचाही आहे.

दुसऱ्या वर्षी देणगीदारांचा मेळावा होता. शिष्यवृत्तीवरच्या एकदोन मुलांनी तिथे आपली कहाणी सांगायची अशी पद्धत. आम्हाला निवडले. आम्ही दोन पाने लिहिली. त्यात अण्णांची नोकरी होती, आईची अंगणवाडी होती, वस्तीतले वाचनालय होते, आणि बाबासाहेबांमुळे आमच्या घरात पुस्तक आले असे एक वाक्य होते. निधी जमवणाऱ्या विभागाच्या मॅडमनी ते वाचले, कौतुक केले आणि 'थोडे सोपे' करून परत दिले. सोपे करताना रेल्वे क्वार्टरची झोपडी झाली. खलासी असलेले अण्णा, ज्यांना पगार, पास आणि पुढे पेन्शन होते, ते रोजंदारीवरचे मजूर झाले. जात हा शब्द गेला, त्या जागी 'वंचित पार्श्वभूमी' आली. आणि बाबासाहेबांचे वाक्य काढून तिथे देणगीदारांचे आभार आले.

आम्ही ते वाचले. व्यासपीठावर उभे राहून, बदललेले सगळे, शब्दन् शब्द. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, एक बाई डोळे पुसत होत्या. सतरा वर्षांच्या पोरीला त्या टाळ्यांची नशा चढते, खोटे कशाला बोला!

काही महिन्यांनी शाळेचे छापील माहितीपत्रक घरी पोचले. त्यात आमचा फोटो आणि ती कहाणी. अण्णांना इंग्रजी बेताचेच. शेजारच्या टीसीच्या मुलाकडून त्यांनी ती वाचून घेतली. सुट्टीत आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी पत्रक समोर ठेवले आणि एवढेच विचारले, "ही झोपडी कोणाची?" रागावले नाहीत. ज्या माणसाने ओव्हरटाइम करून आमच्यासाठी शब्दकोश आणला, त्या माणसाला आम्ही चार श्रीमंतांसमोर भिकारी करून टाकले होते. अण्णा आता नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना दिले नाही.

म्हणून तरुण मित्रांना पहिली गोष्ट ही सांगायची आहे. या शाळांना तुमची गुणवत्ता हवी असते हे खरे, पण त्याहून जास्त तुमची करुण कहाणी हवी असते. आणि कहाणीत गरिबी चालते, जात चालत नाही. कारण गरिबीला दाता असतो. गरीब दिसला की देणाऱ्याला आपण चांगले वाटतो. जात दिसली की त्याच देणाऱ्याला स्वतःच्या आडनावाकडे, स्वतःच्या स्वयंपाकघराकडे बघावे लागते. तेवढी किंमत मोजायला कोण तयार आहे? म्हणून अत्याचारितांचे रूपांतर 'गरजूं'मध्ये केले जाते, आणि हक्काचे रूपांतर उपकारात.

इथे आपले लोक चटकन म्हणतात, बाबासाहेबही शिष्यवृत्तीवरच गेले होते. बरोबर, पण कसे गेले ते पाहा. १९१३ साली बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, आणि त्याबरोबर करार झाला की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. म्हणजे तो व्यवहार होता, दोन्ही बाजूंनी सही केलेला. त्यात रडकी कहाणी सांगण्याचे कलम नव्हते. परतल्यावर १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळेना, कचेरीत फायली लांबून टाकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी सयाजीरावांच्या उपकाराखाली दबून ते गिळले नाही. पुढे ते सगळे जगासमोर लिहून ठेवले. सयाजीरावांविषयीचा आदर ठेवला आणि बडोद्याचे वागणेही सांगितले. कृतज्ञता आणि गप्प बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला ते कळायला फार वेळ लागला.

दुसरे असे की कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना पहिल्यांदाच विटाळाशिवायचे जगणे मिळाले. आमच्यासारख्या सामान्य माणसाने तिथे काय केले असते? जात विसरायचा प्रयत्न केला असता. त्यांनी उलटे केले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जगभरच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. जातीची यंत्रणा, तिची उत्पत्ती, तिचा विस्तार. आंतरराष्ट्रीय व्यासपीठ त्यांनी जात लपवायला वापरले नाही, जात उघडी करायला वापरले. मेणबत्ती विझवून बसलेल्या आम्हाला हे आठवायला हवे होते.

या संदर्भात एक गोष्ट नोंदवली पाहिजे. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली बदल झाला. अनुसूचित जातींसह ज्या वंचित घटकांसाठी ही योजना आहे, त्यांच्या मुलांना परदेशात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही मदत मिळणार नाही असे ठरले. म्हणजे बाबासाहेब आज त्याच निबंधाचा विषय घेऊन या योजनेत अर्ज करायला गेले तर अर्ज बाद! आमच्या शाळेतल्या मॅडमनी एक वाक्य कापले होते. इथे तर विषयच कापला. डोंगरावरची शाळा आणि दिल्लीतली कचेरी यांची एकमेकांशी ओळखदेख नाही, तरी दोघांची कात्री एकाच जागी कशी चालते, याचा विचार करा.

मग त्या शाळेत काहीच चांगले नव्हते का? होते, आणि ते सांगितले नाही तर आम्ही खोटारडे ठरू.

रात्री बारापर्यंत उघडे असलेले ग्रंथालय होते. शिक्षकाला "मला पटत नाही" असे म्हणता येत होते, आणि म्हटल्यावर शिक्षक खूश होत. भुसावळच्या शाळेत हे केले असते तर वर्गाबाहेर उभे राहावे लागले असते. आयबीत चार हजार शब्दांचा एक दीर्घ निबंध लिहावा लागतो. आम्ही महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह निवडला. एका मार्गदर्शकांनी विषय 'फारच स्थानिक' म्हणून नाकारला. इतिहासाचे शिक्षक आफ्रिकेतले होते, त्यांनी तो घेतला. पहिला मसुदा वाचून ते म्हणाले, तुझी भक्ती कळली, आता पुरावा दाखव. आम्हाला राग आला. पण मग आम्ही अण्णांना पत्र लिहिले, त्यांनी शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड पार्सलने पाठवले, आणि आम्ही पहिल्यांदा जयंतीच्या भाषणांपलीकडचे बाबासाहेब वाचले. २० मार्च १९२७ ला पाणी प्यायल्यानंतर महाडात लोकांवर हल्ला कसा झाला, पुढे दावा दहा वर्षे कसा चालला, १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कसा लागला, हे सगळे आम्ही डोंगरावर शिकलो. चळवळीच्या घरात जन्मूनही आधी शिकलो नव्हतो. हे कबूल करायला जड जाते, पण आहे ते असे आहे.

आणि एक दक्षिण आफ्रिकेची मुलगी होती. तिला आम्ही एका रात्री सगळे सांगितले. तिने तीनच प्रश्न विचारले. पाणी वेगळे होते का? घरे गावाबाहेर होती का? लग्न चालते का? आणि म्हणाली, कळले. पुण्याच्या मुलीला जे दोन वर्षांत सांगता आले नाही ते हिला पाच मिनिटांत सांगता आले. आंतरराष्ट्रीय या शब्दाचा आमच्यासाठी काही अर्थ उरला असेल तर तो एवढा.

आता ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या "गेली की गेली" बद्दल. शिकलेल्या लोकांनी समाजाकडे पाठ फिरवली ही बाबासाहेबांची आग्र्याची खंत प्रत्येक सभेत काठीसारखी वापरली जाते. ती खंत खरी आहे. पण आम्ही त्या काकांना विचारतो, आम्ही दोन वर्षे डोंगरावर होतो तेव्हा आमच्या वस्तीतून किती जणांनी आम्हाला पत्र लिहिले? पहिल्या १४ एप्रिलला कुणाचा फोन आला? निवड झाली तेव्हा सत्कार केला, शाल दिली, फोटो काढला, आणि पुढे? पोरगी तुटते ती तिकडच्या ओढीने जितकी, तितकीच इकडच्या दुर्लक्षाने. आम्ही परत आलो ते आम्ही फार निष्ठावंत होतो म्हणून नव्हे. बरोबरची मुले अमेरिकेच्या कॉलेजांत गेली. आम्हालाही एका ठिकाणी प्रवेश मिळाला होता, पण पूर्ण खर्चाची सोय झाली नाही. म्हणून पुण्यात बी.ए., मग समाजशास्त्रात एम.ए. चळवळीत आलो ते नंतर, वसतिगृहाच्या आंदोलनात. हा खरा इतिहास आहे. त्याला त्यागाचा मुलामा देण्यात अर्थ नाही.

आणि बोर्डिंग ही गोष्ट आपल्याला परकी कधी होती? शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगे उभी केली, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन पोरे एका पंगतीत जेवत होती. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. त्या पंगतीत बसणाऱ्या पोराने जी सरहद्द ओलांडली ती वेल्सच्या किल्ल्यात ओलांडायच्या सरहद्दीपेक्षा लहान होती काय? भाकरी खाऊन, स्वतः पाणी भरून, शेतात राबून शिकलेल्या त्या पोरांना कुणी जगाचे नागरिक म्हटले नाही. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, नागसेनवनाच्या वसतिगृहांतून मराठवाड्याच्या किती पिढ्या बाहेर पडल्या! आज आपल्या शासकीय वसतिगृहांत जागा मिळत नाही, मिळाली तर जेवण नीट नसते, स्वाधारचे पैसे परीक्षा संपल्यावर येतात. आणि आम्ही तीस मुलांसाठी डोंगरावरच्या शाळेचे दार उघडले म्हणून खूश व्हायचे?

केंद्राची 'श्रेष्ठ' नावाची योजनाही आहे. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतली अनुसूचित जातींची सुमारे तीन हजार मुले परीक्षा देऊन नववीत आणि अकरावीत खासगी निवासी शाळांत जातात, फी सरकार भरते. हा पैसा जनतेचा आहे, म्हणजे हक्काचा आहे, यात आभार कुणाचे मानायचे नाहीत. आम्ही या योजनेच्या विरोधात नाही. पण त्या शाळांत पोरांना "गणपती किती दिवसांचा" असे विचारले जाते तेव्हा त्यांच्या बाजूला कोण असते, हे पाहायला कुणी जाते का? फी भरली की शासनाचे काम संपले. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्क्यांसाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरलेच पाहिजे. मात्र तो हक्क प्रवेशाच्या पहिल्या वर्गाचा आहे आणि चौदा वर्षांपर्यंतचा. सोळाव्या वर्षी दहावीनंतर घर सोडून जाणाऱ्या पोरीला त्याचा आधार नाही. तिच्याजवळ फक्त शाळेचे स्वतःचे नियम असतात.

म्हणून मेकॅनिक दादा, आमचे उत्तर असे आहे. पाठवा. पण हात जोडून पाठवू नका.

सही करण्याआधी शाळेला लेखी विचारा की तुमच्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द आहे का. हसण्यावारी नेऊ नका हे. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये तो घातला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये, सिएटल शहराने २०२३ मध्ये कायदाच केला. कॅलिफोर्निया राज्याचा कायदा मात्र त्याच वर्षी राज्यपालांनी सही न करता परत पाठवला, तेव्हा तिकडेही लढाई संपलेली नाही. जे अमेरिकेच्या शहराला सुचते ते भारतातल्या डोंगरावर का सुचत नाही, असे आपण विचारू शकतो. मुलीचा फोटो आणि कहाणी तिच्या आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय छापायची नाही, आणि छापण्याआधी मराठीत वाचून दाखवायची, हेही लिहून घ्या. शाळा म्हणेल की असे आजवर कुणी मागितले नाही. म्हणू द्या.

आणि विहारातल्या मंडळींना सांगणे आहे की सत्काराची शाल नको, तिला फोन करा. १४ एप्रिलला करा, ६ डिसेंबरला करा, आणि मधल्या कोणत्याही मंगळवारी करा. ज्या काकांना ती जाईल अशी भीती आहे त्यांनी पहिला करावा.

परवा ती मुलगी घरी आली होती. दुसऱ्या फेरीसाठी निबंध लिहायचा आहे, तुमच्या आयुष्यातल्या संघर्षाबद्दल सांगा, पाचशे शब्द. तिने आधी वडिलांच्या तेलकट हातांवर लिहायला घेतले होते, गूगलवर तसेच नमुने सापडतात म्हणे. आम्ही तिला झोपडीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. काल रात्री तिने नवा निबंध पाठवला. तिच्या वस्तीत नळाला पाणी किती वाजता येते आणि पलीकडच्या कॉलनीत किती वाजता येते, याची तिने दोन महिने वहीत नोंद ठेवली आहे, आणि पालिकेच्या अधिकाऱ्याला तिने काय विचारले तेही लिहिले आहे. वडिलांचा उल्लेख एकदाच आहे. ते वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, एवढाच.

सातशे चाळीस शब्द झालेत. कुठले कापायचे ते रविवारी वंदनेनंतर तिच्याबरोबर बसून ठरवणार आहोत. बाबासाहेबांचे वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे, ते तिने आधीच अधोरेखित करून ठेवले आहे.

जयभीम.